आचारसंहितेचा पेपर

कर भरून देणाऱ्या सल्लागारांना परवाना घ्यायचा तर तीन पेपर पास व्हावे लागतात. पहिला माणसांच्या करावर, दुसरा धंद्यांच्या करावर आणि तिसरा आचारसंहितेवर, म्हणजे सल्लागारानं गिऱ्हाइकाशी आणि सरकारशी कसं वागावं यावर. ताई पहिल्या दोन्हींत चांगली पास झाली आणि तिसऱ्यात नापास.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा तिचा नवरा गॅलरीत कपडे वाळत घालत होता. पिळलेला सदरा हातात तसाच धरून तो म्हणाला, "म्हणजे हिशेबात पास आणि प्रामाणिकपणात नापास?"

"हसायचं असेल तर हसून घ्या एकदाचं."

त्यानं पोटभर हसून घेतलं. मग सदरा दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि चहा ठेवायला आत गेला.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत, कारण तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. आणि तिला सगळे ताई म्हणत, कारण ऑफिसात पहिल्या दिवशी साहेबांनी तशी हाक मारली आणि तीच चिकटली. लेक शाळेत जायला लागली तेव्हा ताई या कर सल्लागाराच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली. हळूहळू टायपिंग मागे पडलं. गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्चीत बसवायचं, पिशवीतली कागदं टेबलावर ओतून घ्यायची, विचारपूस करायची, विवरणपत्र तयार करायचं, हे सगळं तीच करू लागली. साहेब शेवटी नजर टाकून सही करत.

पण अलीकडे साहेबांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. सही करायची जागासुद्धा ताई बोट ठेवून दाखवायची. "परवान्याची परीक्षा तुम्ही द्या," त्यामुळेच एक दिवस ते म्हणाले होते. "नाहीतर दाराला कुलूप लावू आणि किल्ली घरमालकाला देऊ."

ताईनं जाडजूड पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून कादंबरीसारखं वाचायला घेतलं. महत्त्वाच्या ओळींवर पिवळं पेन फिरवायचं ठरवलं होतं, पण आठवडाभरात पुस्तकात पिवळ्याशिवाय दुसरं काही उरलं नाही. सराव म्हणून जुनी प्रश्नपत्रिका सोडवली, तर ज्या गोष्टी ती रोज करत होती त्यांतच चुका निघाल्या. तिला रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं.

"साहजिक आहे," मास्तर म्हणाले. "वर्षानुवर्षं विनापरवाना गाडी हाकणारे माझ्याकडे येतात ना, तेच परीक्षेत पहिल्या फटक्यात आपटतात. हात आपोआप फिरतो. डोळे कुठे बघतात ते त्यांचं त्यांनाच माहीत नसतं."

"मग तुम्ही काय करता त्यांचं?"

"बोलायला लावतो. आरशात बघितलं, मागे सायकलवाला आहे, इशारा दिला, आता वळतो. जे करायचं ते आधी तोंडानं म्हणायचं. दोन दिवस लाज वाटते, मग सवय होते."

ताईनं तेच सुरू केलं. जेवणाच्या सुट्टीत मास्तरांची शिकवणीची गाडी ऑफिसच्या मागच्या गल्लीत उभी असायची. तीत बसून ती प्रश्नाखालचे उत्तरांचे पर्याय तळहातानं झाकायची आणि प्रश्नातल्या माणसाबद्दल मोठ्यानं बोलायची. हा कोण? राहतो कुठे? पैसा कुठून आला? याच्यावर कोण अवलंबून आहे? उत्तर स्वतःच्या तोंडून आलं की मगच हात काढायचा. चुकलेल्या प्रश्नांची तिनं दोन गटांत वाटणी केली. काही मुळात माहीत नव्हते आणि काही माहीत असून घाईत चुकले होते. दुसरा गट फारच मोठा निघाला. ते कळलं आणि तिचं अडलेलं घोडं चालायला लागलं. पहिले दोन पेपर सुटले.

आचारसंहिता मात्र तिनं एका दुपारी नुसती चाळली होती. आपण कधी कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणाचं गुपित फोडलं नाही, यात अभ्यासाला काय आहे, असं तिला वाटलं.

निकालासोबत कच्च्या भागांची यादी आली होती. "गिऱ्हाइकाच्या जुन्या विवरणपत्रातली चूक" हा तिचा सगळ्यांत कच्चा भाग. मास्तरांनी गाडीत पुस्तक स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि प्रश्न वाचला. "मागच्या वर्षीच्या विवरणपत्रात चूक झाल्याचं तुमच्या लक्षात आलं. तुम्ही काय कराल?"

"गुपचूप दुरुस्त करून टाकीन. त्या बिचाऱ्याला कशाला उगाच घोर?"

"चूक."

"का? त्याचं भलंच होतंय ना?"

मास्तरांनी उत्तर बघितलं. "इथे म्हणतात, त्याला ताबडतोब सांगायचं. चूक काय झाली, तिचा परिणाम काय, आणि पुढे काय करता येतं. ठरवायचं त्यानं."

मास्तरांनी पायाखालच्या जादा ब्रेककडे बोट केलं. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. "समज, शिकणारा भिंतीवर चाललाय आणि मी इकडून ब्रेक दाबला. दाबायलाच पाहिजे. पण दाबला हे सांगितलंच नाही, तर त्याला वाटतं गाडी आपणच थांबवली. आणि विवरणपत्रावर गिऱ्हाइकाचीही सही असते ना?"

"त्याचीही असते," ताई म्हणाली. आणि तेव्हाच तिच्या डोळ्यांसमोर बेकरीवाले उभे राहिले.

बेकरीवाले दरवर्षी यायचे. त्यांची धाकटी बहीण जन्मापासून आजारी, काम करणं शक्य नाही, आईवडील गेल्यापासून एका संगोपनगृहात. तिचा सगळा खर्च हेच करत. दरवर्षी उठता उठता ते विचारायचे, "ताई, बहिणीचं काही धरता येतं का हो?" आणि दरवर्षी ताई म्हणायची, "नाही भाऊ. एका घरात राहत असती तर आलं असतं." साहेबांनी सुरुवातीला तसं सांगितलं होतं, ते तिच्या अंगवळणी पडलं होतं.

नियम आता तसा नव्हता. काम करू न शकणाऱ्या भावंडाचा निम्म्याहून जास्त खर्च उचलला तर ते कुठेही राहत असो, सवलत मिळते. हा नियम ताईनं पहिल्या पेपरासाठी मोठ्यानं म्हणून पाठ केला होता. त्यावर प्रश्नही आला होता आणि तिनं बरोबर पर्यायावर खूण केली होती. पण त्या प्रश्नातल्या माणसाला चेहराच नव्हता. "एक करदाता" एवढंच होतं तिथे. तो करदाता दरवर्षी आपल्यासमोरच्या खुर्चीत बसतो हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांच्या कानावर घातलं. साहेब चष्मा पुसू लागले.

"नियम बदलला होता खरा," ते म्हणाले. "परिपत्रक आलं होतं. वाचलंही असेन. पण बोलण्यात जुनंच येत राहिलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं करा, या वर्षीपासून धरा. मागचं उकरू नका. मी आता निघायच्या वाटेवर आहे. जाता जाता लोकांनी बोटं दाखवावीत असं नका करू."

साहेबांनी तिला कधी असं विनवलं नव्हतं. ताईला फार जिवावर आलं. ज्या माणसानं हाताला धरून काम शिकवलं, त्याच्यासमोर उभं राहून नाही म्हणायचं होतं.

"मी त्यांना सांगणार आहे, साहेब. तुम्हाला नंतर दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आधी आले."

खिडकीबाहेर कुणीतरी शटर ओढलं. साहेब म्हणाले, "मग माझं नाव घ्या. स्वतःवर ओढून घेऊ नका."

"जे झालं ते सगळं सांगते. नाही म्हणणारं तोंड तर माझंच होतं."

बेकरीत दुपारी गर्दी नसते. भट्टी निवत होती आणि बेकरीवाले उलथन्यानं ट्रेला चिकटलेले करपलेले तुकडे खरवडत होते. ताईला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली नाही. वाटेत तिनं बोलायचं घोकून ठेवलं होतं, पण एका दमात सांगून टाकलं: नियम काय आहे, आपण काय सांगत आलो, मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं दुरुस्त होतात, त्याआधीचं मात्र गेलं.

उलथनं थांबलं. "मी दरवर्षी विचारत होतो."

"हो."

"आणि तुम्ही दरवर्षी नाही म्हणालात."

"हो, भाऊ."

"एकदा तरी पुस्तक उघडून बघितलं होतंत?"

ताईनं नकारार्थी मान हलवली. साहेबांचं नाव जिभेवर आलं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर साहेबांकडे नव्हतं.

"तिला खिडकीपाशी बसायला आवडतं," बेकरीवाले भिंतीकडे बघत म्हणाले. "खिडकीची खोली महाग पडायला लागली म्हणून मी तिला आतल्या, चौघींच्या खोलीत हलवलं. किती वर्षं झाली. ती मला विचारते, दादा, माझी खिडकी कुठे गेली? मी सांगतो, दुरुस्तीला दिली आहे." मग ते पुन्हा खरवडायला लागले, पूर्वीपेक्षा जोरात. "कागदं बायकोबरोबर पाठवतो. या तुम्ही."

ताई घरी आली आणि कांदा चिरायला बसली. मास्तरांनी काय झालं ते विचारलं. तिनं सगळं सांगितलं. "चिडले का?" त्यांनी विचारलं. "चिडायलाच हवं होतं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, आणि कांद्याची सोय होती.

कागदं खरंच आली. ताईनं तिन्ही वर्षांचे दुरुस्त अर्ज तयार केले. साहेबांनी तिच्या बोटाशेजारी सह्या केल्या आणि सोबतच्या पत्रात चूक ऑफिसची होती हे वाक्य स्वतः सांगून लिहून घेतलं. ताईनं ते टाइप केल्यावर ते म्हणाले, "वाचून दाखवा." तिनं वाचलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

तिसऱ्या पेपराचा अभ्यास यानंतर वेगळाच झाला. एकेका नियमापाशी थांबून ताई ओळखीचा कुणीतरी आठवायची. दोघांपैकी कुणाचं काम घ्यायचं हा नियम आला की दुकानावरून भांडणारे दोघे भाऊ, कागदं अडवून ठेवू नयेत हा नियम आला की फी थकवणारा फोटोग्राफर. त्या माणसाला समोर बसवून ती त्याच्याशी मोठ्यानं बोलायची. पुस्तक आकारानं तेवढंच राहिलं, पण पाठ करायचं असं फारसं उरलं नाही. कुणी आठवलंच नाही तर ती मास्तरांना गिऱ्हाईक करायची, आणि मास्तर मुद्दाम लबाड गिऱ्हाईक व्हायचे. "ताई, हे उत्पन्न दाखवलं नाही तर कुणाला कळणार आहे?" असं काही म्हणून डोळा मारायचे. ती त्यांना गाडीतून उतरवायची.

परीक्षेच्या सभागृहात शेजारच्या टेबलावर तिच्या लेकीच्या वयाची एक मुलगी बसली होती, पुढे एक टक्कल पडलेले गृहस्थ सारखे उसासे टाकत होते. ताईनं तळहातानं संगणकाच्या पडद्यावरचे पर्याय झाकले आणि ओठांतल्या ओठांत बोलायला सुरुवात केली. पर्यवेक्षिका येऊन कुजबुजली, "बाई, मनात म्हणा." ताईनं मान डोलावली आणि मनात म्हटलं. ती पास झाली. गुण काही मिरवण्यासारखे नव्हते.

पैसे परत मिळाल्यावर बेकरीवाले आपली जुनी कागदं न्यायला आले. पुढचं काम दुसरीकडे देणार, असं त्यांनी सरळ सांगितलं. ताईनं फाइल बांधून दिली. दारात ते क्षणभर थांबले. "खिडकीची खोली मिळाली तिला," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

साहेबांनी आपली खुर्ची ताईला दिली, पण ती तिला फारच उंच व्हायची, म्हणून ती आपल्या जुन्याच खुर्चीत बसते. तिच्या सहीनं काम सुरू झालं त्या आठवड्यात एक घड्याळजी आले. भावानं परदेशातून दुकानात भागीदारी घेतली होती, त्याचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," ताई म्हणाली. "बघून परवा सांगते."

घड्याळजींनी भिंतीवरच्या परवान्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "परवाना आहे ना तुमच्याकडे?"

"आहे ना," ताई म्हणाली आणि पुस्तक पुढे ओढलं. "भाऊ तिकडे किती वर्षं राहतोय, ते सांगा आधी."