अक्कांचा तारांकित प्रश्न

ग्वाल्हेरला किल्ला गेटच्या सरकारी दवाखान्यात अक्का करमरकर तीन दिवस सकाळपासून बाकावर बसून गेल्या, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. त्या तेव्हाच्या मध्य भारत राज्याच्या विधानसभेत आमदार, मी आरोग्य खात्यात कारकून. मंत्र्यांनी सभागृहात वाचायची उत्तरं मी तयार करायचो. जयेंद्रगंजात आमची घरं समोरासमोर. म्हणजे दिवसा बाईंना उत्तर लिहायचं आणि संध्याकाळी त्यांच्याकडेच चहा प्यायचा, असा माझा संसार होता.

प्रश्न सरळ होता: त्या दवाखान्यात बाळंतपणासाठी नर्स आहे का? मी रजिस्टर पाहिलं, पद मंजूर होतं. दिलं ठोकून, 'जी हां.' मंत्र्यांनी ते ऐटीत वाचलं. अक्का उठल्या.

"मंत्री महोदय, उनका नाम बता दीजिए. मैं तीन दिन वहीं बैठी थी, मुलाक़ात नहीं हुई."

सभागृह खो खो हसलं. मंत्र्यांनी आमच्या साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे. शेवटी नर्स नेमण्याचं आश्वासन देऊनच मंत्री खाली बसले.

त्या संध्याकाळी मी तोंड चुकवून चाललो होतो, तर त्यांनीच हाक मारली. "ये, थालीपीठ लावलंय. अरे, पहिले पाहून यायचं, मग लिहायचं. रजिस्टर काय बाळंतपण करणार?"

मी चिडलोच. "अक्का, माझी नोकरी गेली असती!"

"आणि तिकडे बाई गेली, तिचं काय?"

दवाखान्याच्या दारातच एक बाळंतीण दगावली होती. मला माहीतही नव्हतं. पण त्यानंतर घरी त्यांनी खात्याचा विषय कधी काढला नाही. "हापिसात येऊन विचारेन. इथे तू शेजारी आहेस," म्हणायच्या, आणि ताटात लोण्याचा गोळा घालायच्या. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळला गेली, इथली विधानसभा संपली, तिच्याबरोबर आश्वासनंही. शेवटच्या दिवसांत बाकीचे आमदार निरोपाची भाषणं करत होते. अक्कांनी तोच प्रश्न पुन्हा लावला, पण त्याचा नंबर लागायच्या आत वेळ संपली. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. मी बिऱ्हाड घेऊन भोपाळला गेलो.

तिथे त्यांचं पोस्टकार्ड आलं. 'आता मला विचारायचा हक्क नाही राहिला. तू तर आहेस ना तिथे?' मी गठ्ठ्यांतून ती फाइल उपसली, टेबलाटेबलांवर फिरवली, साहेबांची बोलणी खाल्ली. अखेर नर्सच्या नेमणुकीची ऑर्डर निघाली. मला वाटलं, गड जिंकला.

दोन वर्षांनी अक्का गेल्या. मी ग्वाल्हेरला पोचलो तेव्हा तेरावा होता. बायकांत एक अनोळखी मुलगी हुंदके देत होती. ती किल्ला गेटची नर्स. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, तुमची ऑर्डर मीच काढवली.

डोळे पुसत ती म्हणाली, "ऑर्डर लेकर तो आ गई थी, भाईसाहब. रहने की जगह कहां थी? मैं तो लौट रही थी. माताजी ने अपना कमरा दे दिया."

त्या घराला खोली एकच, दुसरं स्वयंपाकघर. म्हणजे अक्का दोन वर्षं चुलीशेजारी झोपत होत्या. नर्स राहणार कुठे, हे आमच्या अख्ख्या खात्यात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या मुलीपुढे मला मान वर करवेना.