हालवरने लांबवलेला वसंत

हालवरची नक्कल करायची तर आधी गप्प बसता आलं पाहिजे. विचारा त्याला, "मासे कसे आहेत?" तो टोपी मागे सरकवणार, नदीकडे बघणार, आणि तुम्ही कंटाळून निघालात की पाठीमागून म्हणणार, "बरे आहेत."

पण त्या वसंतात गडी चक्क बोलायला लागला. त्याची मुलगी सिन्नवे मालवाहू बोटीवर नोकरीला लागली, ती घरी फिरकलीच नव्हती. फोनवर म्हणाली, "बाबा, यंदा पिल्लं नदीत दोघं मिळून सोडू. मी येईपर्यंत थांब हं." हे त्याने दूधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

सॅल्मनची पिल्लं तो कोठारामागच्या टाकीत वाढवतो. पाणी आमच्याच नदीचं, म्हणजे समुद्रात जाऊन मोठी झाल्यावर त्याच वासावर परत यावीत. हिवाळाभर त्यांच्या कुशीवर कुणाची बोटं उमटल्यासारखे काळसर डाग असतात, आणि ती धारेकडे तोंड करून हट्टाने उभी राहतात. मे आला की डाग पुसतात, अंग चांदीचं होतं, पिल्लू हातात धरलं तर खवले तळव्याला चिकटतात. तेवढ्या दिवसांतच सोडायची. उशीर झाला तर चांदी उतरते, डाग परत येतात आणि समुद्राची ओढच विझते.

सिन्नवे सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीला येणार होती. आली नाही. "पुढच्या शनिवारी, बाबा. नक्की."

हालवर डोंगराच्या सावलीत उरलेला बर्फ खोऱ्याने आणून टाकीत ओतायला लागला. शेजारची आस्लॉग कुंपणावरून कडाडली, "अरे, माशांचं सरबत करतोस की काय?"

"वसंत जरा लांबवतोय. गार पाण्यात रेंगाळतील."

"पाणी गार करशील रे. दिवस मोठा होतोय ते त्यांना कळतंच, त्यावर काय झाकण ठेवणार?"

शनिवारी फोनच आला. बोट अडकली होती. हालवर "बरं, बरं" म्हणाला, टाकीशी गेला आणि एक पिल्लू उचलून आस्लॉगपुढे धरलं.

"डाग दिसतायत का?"

"चष्मा घरी राहिलाय माझा."

"आस्लॉग."

"दिसतायत," ती म्हणाली. इतका हळू आवाज तिच्याकडे आहे, हे गावाला ठाऊकच नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्याने बादल्या नदीत रिकाम्या केल्या. पिल्लं वरच्या अंगाला तोंड करून तशीच उभी. "जा की रे," तो गुडघाभर पाण्यातून म्हणाला. मग एकाने अंग सैल सोडलं आणि शेपटीकडून वाहत निघालं, तोंड अजून आमच्या डोंगराकडेच. त्याच्यामागे दुसरं, मग घोळकाच.

काठावर येऊन त्याने फोन लावला. "सोडली."

"थांबणार होतास ना, बाबा?"

"मी थांबलो असतो गं. त्यांना नाही जमत."

पलीकडून, वाऱ्यातून, सिन्नवेने विचारलं, "सगळी गेली?"

"बरीचशी. काही दगडाआड उभी आहेत अजून. बसतो जरा त्यांच्यापाशी."