खाटेखालचा देव
मोहाची फुलं वाळायला लागली की मला ते साहेब आठवतात. मुलीला नर्सिंगला राखीव जागा लागली होती, पण आम्ही खरंच आदिवासी का, हे बघायला ते जात पडताळणीचे साहेब घरी येणार होते. आमच्या मोहाच्या वासाला अन् देवाला गाव हसायचं, म्हणून मी मोहाची टोपली अन् लाकडाचा वाघदेव खाटेखाली सारला, भिंतीला गावातल्यांसारखं देवादिकांचं कॅलेंडर टांगलं. साहेब बघून म्हणाले, “अक्का, तुम्ही तर आमच्यासारख्याच. काय लिहू?” मुलीचा चेहरा उतरला. मी वाकले, टोपली ओढली, देव काढून त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. “हाऊ आमना देव शे, साहेब. तुमी येनार म्हनून लपाडा व्हता.” ते कितीतरी वेळ लिहीत राहिले. आता मुलगी धुळ्याला दवाखान्यात नर्स आहे, अन् देव दारात बसतो.