पिशाच्चाची बाजू घेणारी मंदा

रोवण्याला वाकलेल्या बाईला दोनच गोष्टी दिसतात, स्वतःचे हात आणि शेजारणीचं तोंड. हात आपोआप चालतात. मग लक्ष कुठे जाणार? धान लावायच्या दिवसांत आमच्या दिघोरीत किस्से का साचतात, याचं एवढंच कारण आहे. आणि साचले की ते सांगितल्याशिवाय कंबर सरळ होत नाही, हे मी माझ्या वयाच्या अधिकाराने सांगते.

यंदाचे सगळे किस्से एका सिरीयलचे. संध्याकाळी लागायची. तीनशे वर्षांचा एक पिशाच्च, दिसायला तिशीचा, डोळे लाल, कपडे कडक इस्त्रीचे. त्याचं एका शिक्षिका पोरीवर प्रेम. प्रेम म्हणजे काय, तर तो तिला हवेलीत कोंडायचा, उलट बोलली तर थापड मारायचा, तिच्या मैत्रिणींना दगड करून टाकायचा, आणि ती रडली की चुटकी वाजवून तिला सगळं विसरायला लावायचा. मग गाणं.

मी शाळेत गेले नाही. वाचायला शिकले ती सासऱ्यांच्या पुस्तकांवरून, स्वतःची स्वतः. त्यामुळे मी काय वाचावं हे मला कोणी सांगत नाही, आणि काय पाहावं हेही नाही. मी पाहायची. माझ्या घरीही टीव्ही आहे, पण भांडायला माणूस नाही. म्हणून मंदाकडे जायची.

मंदा माझ्या घरामागे राहते. आमच्या रोवण्याच्या टोळीत पिशाच्चाची सगळ्यात मोठी भक्त हीच. शेवंता सगळ्यात मोठी वैरी. मी स्वतःला मधली म्हणवते, पण मला कोणी मधली मानत नाही.

*

आमचा नियम असा, की काल ज्यांची लाईट गेली असेल त्यांना मंदा सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभ्याउभ्या एपिसोड सांगणार. सांगणार म्हणजे करून दाखवणार. चिखलात गुडघाभर रुतलेली मंदा हातातली रोपं खाली ठेवून चुटकी वाजवायची, आणि टोळीतल्या अर्ध्या बाया थांबायच्या.

रोवण्यात सगळ्यांनी एका ओळीत मागे मागे सरकायचं असतं. एक थांबली की ओळ वाकडी. शेताचे मालक धनराजभाऊ एकदा दुपारी बांधावर आले. बाकीचा भाग सुतासारखा सरळ, आणि मधूनच ओळ अशी वळलेली, जणू नाला वाहतो. आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार.

ते बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच विचारलं, "काल त्यानं तिले परत कोंडलं का? आमच्या इकडे लाईट नव्हती."

*

मंदाचं म्हणणं एकच. तो कोंडतो ते जगापासून वाचवायला. बाहेर चेटकिणी आहेत, शिकारी आहेत. एवढा जीव लावणारा मिळतो कुठे?

शेवंताकडे कोंबड्या आहेत. ती म्हणाली, "कोंडणं म्हणजे प्रेम असन, तर माह्या कोंबड्यायवर माह्यं लय प्रेम आहे. फक्त मंगळवारी बाजार राहते."

मंदा म्हणाली, शेवंताला काही समजत नाही, त्याच्यावर शाप आहे शाप. आता मात्र मला राहवलं नाही. मी विचारलं, "शाप त्याच्यावर, अन् गाल कायले हिचा सुजते वं?"

त्या दिवशी मंदा माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी टीव्ही लावायच्या आधी मात्र तिने हाक मारलीच.

*

मग पिंकी आली. मंदाची लेक. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. जावई रोशन नागपूरला कंपनीत. पिंकी एसटीतून उतरली तेव्हा हातात पिशवीसुद्धा नव्हती.

मंदाने गावाला सांगितलं, रोवण्यासाठी आली. नागपूरहून कोणी रोवण्यासाठी येतं का? पण आम्ही हो म्हटलं आणि पोरीला ओळीत माझ्या शेजारी उभं केलं. चार दिवसांत सगळं कळलं. रोशनने तिचा मोबाईल काढून घेतला होता. ड्युटीवर जाताना बाहेरून कुलूप लावायचा. एकदा बाल्कनीतून शेजारणीशी बोलली म्हणून हात उचलला. मग रडला, पाया पडला, ड्रेस आणून दिला. मग परत तेच. त्या दिवशी तो कुलूप लावायला विसरला आणि ही निघाली.

आता रोशन फोन करून म्हणत होता की न्यायला येतो. पाठवायचं की नाही, हा सवाल मंदाच्या घरात चुलीसारखा पेटलेला. पण बांधीत त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. सगळे सिरीयलवर बोलायचे!

मंदा म्हणायची, "तो आता सुधरून राहिला ना. मागच्या एपिसोडमध्ये रडला. बाईनं थोडा टाईम द्याले पाहिजे."

पिंकी खाली मान घालून रोपं लावत होती. शेवंता तिच्याकडे पाहून मंदाला म्हणाली, "तीनशे वर्षं झाली वं त्याले. अजून कितीक टाईम देतं?"

*

रविवारी विहारात वंदना झाली की बाया थोडा वेळ बसतात. तिथेही हाच विषय निघाला, पोरीने हवेलीत परत जावं की नाही. माझे दीर तुळशीरामभाऊ तापले. भूतप्रेतांशी त्यांचं उभं वैर आहे. आमच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात भुताला जागा नाही, आणि ती जागा राखायचं काम यांनी स्वतःकडे घेतलंय. त्यांनी आम्हाला मोठं भाषण दिलं. पिशाच्च नसतं, चुटकीने काही होत नाही, विज्ञान काय सांगतं वगैरे. बोलले चांगले. मी नेहमी म्हणते, माझा दीर बोलतो चांगलं, फक्त थांबत नाही.

शेवटी पिंकी उठली. आल्यापासून ती चारचौघांत पहिल्यांदाच बोलत होती.

"काकाजी, भूत खोटं आहे, हे आम्हाले समजते," ती म्हणाली. "नवरा खरा आहे ना."

तुळशीरामभाऊ थांबले. चाळीस वर्षांच्या दीर-भावजयीच्या नात्यात मी त्यांना मधेच थांबलेलं पहिल्यांदा पाहिलं. मग ते पिंकीला म्हणाले, "बस बेटा," आणि स्वतःची सतरंजी तिच्याकडे सरकवून दिली.

*

मंदाच्या भक्तीला धक्का दिला तो शेवटी पिशाच्चानेच.

मंदा, पिंकी आणि मी, आम्ही तिघी टीव्हीसमोर. मंदा भाजी निवडत होती. पिशाच्चाने पोरीचा हात धरला, संगीत वाढलं, आणि जाहिरात लागली. जाहिरातीत तोच! लाल डोळे गायब, अंगात फुलाफुलांचा शर्ट, हातात भांडी घासायचा साबण. घरच्या बायकोला मदत करत होता, हसत हसत कढई घासत होता.

मंदा उखडली. "हा काय करून राहिला? असा का घासते का तो भांडे?"

पिंकीला हसू फुटलं. आल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिने तोंडावर हात धरला, आणि कुर्त्याची बाही कोपराच्या वर सरकली. दंडावर बोटांचे ठसे होते. निळे होऊन पिवळे पडत आलेले. माझं लक्ष गेलं, मंदाचंही गेलं. पिंकीने बाही खाली ओढली.

जाहिरात संपली. तो परत लाल डोळ्यांचा झाला. मंदाने भाजीचं ताट बाजूला ठेवलं, उठली, आणि टीव्हीचं बटण बंद केलं. म्हणाली, "डोळे दुखून राहिले माहे."

दुसऱ्या दिवशी बांधीत तिने एपिसोड सांगितला नाही. कोणी विचारलंही नाही. संध्याकाळी धनराजभाऊ आले, सरळ ओळी पाहून घाबरले आणि म्हणाले, "काहून बाप्पा, कोनाची तब्येत खराब आहे का?"

*

रोवणा संपत आला तेव्हा रोशन आला. सकाळच्या गाडीने. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. मंदाने काय करावं? कोंबडा कापला! वडे तळले, पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला. शेवंताला कळलं तेव्हा ती माझ्या दारात येऊन म्हणाली, की त्या कोंबड्याच्या जागी कोणाला धरायला पाहिजे होतं हे मंदाला समजत नाही का. मीही काही कमी संतापले नव्हते. आम्ही दोघी जाऊन मंदाच्या ओट्यावर बसलो. भांडायची तयारी करूनच.

आतलं सगळं ऐकू येत होतं. रोशन पोटभर जेवला. मग रडला. म्हणाला, "मामी, माह्यं प्रेमच जास्त आहे तिच्यावर. म्हणून राग येते." आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात.

मंदा "हो बाप्पा" म्हणाली आणि त्याला आणखी एक वडा वाढला. शेवंताने माझा हात असा दाबला की माझी बांगडी वाकली.

लाखांदूरहून नागपूरला जाणाऱ्या गाडीची वेळ झाली. पिंकी आतल्या खोलीत होती. रोशन ओट्यावर येऊन बूट घालू लागला आणि आतल्या दाराकडे पाहत राहिला. आमच्याकडे लेक-जावई निघाले की माय दोघांच्या वाटेची शिदोरी बांधून देते, एकाच मोठ्या फडक्यात. मंदा शिदोरी घेऊन बाहेर आली. तिच्या हातात होतं हातरुमालाएवढं फडकं, आणि त्याला घट्ट गाठ.

रोशनने ते घेतलं. हातात जोखून पाहिलं.

"मामी," तो म्हणाला, "याच्यात दोघायचं कसं भागन?"

मंदाने पदराला हात पुसले. आवाज अगदी जावयाशी बोलायचा, गोड.

"दोन भाकरी आहेत, बाप्पा. एका मानसाले जास्त होत असन तं सांगा, एक काढून घेतो."