सुटलेल्या तारेची मजुरी

"एवढ्याशा कामाचं पैसं घेतलं तर लोक तोंडात शेण घालतील की," राजारामपुरीत अँप्लिफायर दुरुस्त करणारे मामा शेजारच्या चहावाल्याला सांगत होते. काम माझंच होतं. परवा भावाच्या कॉलेज प्रोजेक्टमुळे घरभर सोल्डरचा वास पसरला आणि ती दुपार आठवली. माझ्या गिटारचा अँप मुका झाला होता. मामांनी तो उघडून आतली एक सुटलेली तार सोल्डरनं जोडली, पंख्याच्या वाऱ्यावर धूर उडाला, आणि मी घाबरत छेडलेली गिटारची तार दुकानभर घुमली. मी पर्स काढली तर म्हणाले, "ठेव पोरी. भाचीकडनं पैसं घेत्यात व्हय?" चहावाला हसला, "ह्यांच्या भाच्या गावभर हायत, म्हणून तर दुकानाचं छप्पर गळतंय." पण फुकटात काम झालं, की त्या दुकानाची पायरी मला पुन्हा चढवत नाही, आणि गिटारच्या अँपला हात लावणारं दुसरं दुकान मला माहीत नव्हतं. अनोळखी माणसांसमोर मी आजही नुसती पुटपुटते. त्या दिवशी मात्र मी चहावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मामा, मला इथं परत यायचंय. दुसऱ्या कुणाकडून घेतले असते, तेवढे घ्या की."