बारावं ठिकाण

आमच्या जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात मी कारकून आहे. अंगावर खाकी नाही, कमरेला पट्टा नाही, टेबल आणि टेबलावर फायली एवढाच माझा रुबाब. तरी आमच्या पेठेत, बावड्यात, सगळे मला 'पोलिसातले भाऊसाहेब' म्हणतात आणि मी ते आजवर कधी दुरुस्त केलेलं नाही. उलट स्कूटरला पुढं लाल-निळी पट्टी लावून घेतली होती. त्या पट्टीसकट एका सकाळी आमच्याच कोपऱ्यावर, रस्त्यासाठी टाकलेल्या खडीवरून घसरलो आणि हातातल्या दुधाच्या पिशवीवर पोटानं आडवा झालो. समोर चहाचा गाडा, आणि गाड्याला सकाळची सगळी गिऱ्हाइकं.

पडल्याचं मला काही वाटलं नाही. मी आयुष्यभर पडतच आलोय. पडल्याची गोष्ट नंतर रंगवून सांगायची, लोकांना हसवायचं, ही माझी एकुलती एक कला. पण त्या दिवसापासून गाडेवाल्या मामांनी ती माझ्याकडून काढून घेतली. साठीचा माणूस, खांद्यावर टॉवेल. नव्या गिऱ्हाइकासमोर किटली खाली ठेवायचे आणि माझं पडणं करून दाखवायचे.

"ह्ये बगा पावणं, आसं आलं आमचं भाऊसायेब. एका हातात दूध, एका हातात सरकार. खडीनं इचारलं, पास हाय का? ह्येनी म्हटलं, मी पोलिसातला. खडी म्हणाली, मग आदी तूच झोप!"

आणि मामा टॉवेल उडवून असे कोलमडायचे की लोकांच्या हातातला चहा सांडायचा. माझी फजिती माझ्यापेक्षा झकास सांगत होते. हे मला सहन झालं नाही. हसलो असतो तर प्रकरण तिथंच मिटलं असतं.

त्याच सुमाराला वरून पोलिसांच्या आधुनिकीकरणाचा निधी आला होता. म्हणजे आला नव्हता, मागितला तर येणार होता. चिलखती गाडी, ढाली, हेल्मेटं, अश्रुधुराची नळकांडी. अट एकच, जिल्ह्यात निदान बारा संवेदनशील ठिकाणं हवीत. आमच्याकडं अकरा होती, आणि त्यातल्या दोन ठिकाणी शेवटचा दगड कधी पडला ते कुणालाच आठवत नव्हतं. एका ठाण्याची जीप रोज सकाळी चार शिपाई ढकलून चालू करायचे. तिच्या बॅटरीसाठी पैसा नव्हता, कारण बॅटरीचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली.

"बारावं शोधा," साहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत प्रस्ताव गेला पाहिजे. मार्च संपतोय."

मी शोधलं नाही. मी लिहिलं. आमचा कोपरा लिहिला. खडीच्या ढिगाला 'दगडांचा साठा' म्हटलं, सकाळी चहाला उभ्या राहणाऱ्या शिक्षकांना आणि दूधवाल्यांना 'जमाव' म्हटलं, आणि मामांच्या नकलेला 'शासकीय कर्मचाऱ्यांविषयी चिथावणीखोर हावभाव'. लिहिताना एकटाच फिदीफिदी हसत होतो. प्रस्ताव कुणी वाचतं, असं इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कधी वाटलंच नव्हतं.

प्रस्ताव मंजूर झाला. गाडी आली. चिमणीएवढ्या जाळीच्या खिडक्या, हत्तीएवढं धूड. शिपायांनी तिला हार घातला, नारळ फोडला, आणि ढकलायच्या जीपशेजारी उभी केली. मग पत्र आलं. दुसरा हप्ता हवा असेल तर सामग्री वापरल्याचं प्रमाणपत्र, फोटोंसह, यादीतल्याच एखाद्या ठिकाणचं. म्हणजे दंगल काबूत आणायची रंगीत तालीम घ्यायची. निम्मे शिपाई साध्या कपड्यांत दंगेखोर, निम्मे ढाली घेऊन पोलीस.

साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं आणि शेवटी थांबवलं.

"हे बारावं घेऊ."

मी घाईघाईनं म्हणालो, "साहेब, तिथं गल्ली अरुंद आहे. दुसरं एखादं..."

"बाकीच्या अकरांत खरंच काही तरी होईल. हे तुमचं शांत आहे."

तेव्हा बोलता आलं असतं. पण बारावं खोटं म्हटलं की गाडी खोटी, आणि गाडी खोटी म्हणजे मी घरी. मी म्हणालो, "बरं साहेब."

मामांना तासभर गाडा हलवायला सांगितलं. त्यांनी तो मुकाट्यानं गल्लीत आत नेऊन लावला, स्टोव्ह विझवला, आणि किटली हातात घेऊन कट्ट्यावर बसले. मला पाहून ओरडले, "काय भाऊसायेब, आज आख्खं खातं घिऊन आलाय व्हय पडायला?" लोक हसले. साहेबही हसले. मी फोटो काढायचा फोन सरळ केला.

खोट्या दंगेखोरांच्या दंडाला पिवळी फीत होती. फीत दिसली की काठी नुसती उगारायची, असं ठरलं होतं. शिट्टी झाली, घोषणा झाल्या, एक नळकांडं फुटलं. धुरात चिलखती गाडी पुढं आली. चालकाचं प्रशिक्षण आठ दिवसांचं. वळणावर तिला वळता येईना म्हणून त्यानं मागं घेतली, आणि मागं गल्लीत गाडा होता. काचेचे ग्लास फुटल्याचा आवाज आला, मग लाकडाचा.

मामा किटली घेऊन धावले. "अवो थांबवा! माजा गाडा हाय त्यो! आरं थांबव की!" ते गाडीच्या पत्र्यावर किटली बडवू लागले.

आता मी काय केलं ते सांगतो. मी हसलो. मला वाटलं मामा नक्कल करताहेत. असला पट्टीचा नकलाकार, एवढे लोक जमलेले, तो गप्प कसा बसेल? साहेब म्हणाले, "वा, हा कोण? चांगलं करतोय." मी म्हणालो, "आमच्या गल्लीतलेच आहेत, साहेब. कलाकार आहेत." आणि फोटो काढला.

ढालीवाल्यांनी दंडाकडं पाहिलं. पिवळी फीत नव्हती. पहिली काठी मनगटावर बसली, किटली ज्या हातात होती त्या. दुसरी गुडघ्यावर. मामा खाली कोसळले तेव्हासुद्धा दोन शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ते उठेनात, तेव्हा टाळ्या थांबल्या.

पुढचं सगळं कागदाच्या क्रमानं झालं. तालमीत माणसाला खरा मार बसला तर चौकशी लागते. खऱ्या गुन्हेगाराला बसला तर लागत नाही. म्हणून मामांवर शासकीय कामात अडथळा आणल्याचा गुन्हा नोंदला. पुरावा म्हणून माझा फोटो लावला. फोटोत मामांचा हात वर उगारलेला आहे, तोंड उघडं आहे, मागं धूर आहे. माझ्या हातून इतका चांगला फोटो पुन्हा निघालेला नाही. तोच फोटो प्रमाणपत्रालाही जोडला आणि दुसरा हप्ता आला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून तिथं जमलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं, "या माणसाला त्या जागेचा आधीच अंदाज आला होता."

मनगट वाकडं जुळलं. तारखा सुरू झाल्या. कोपऱ्यावर गाडा लावायला आता आमच्या कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो, कारण ठिकाण संवेदनशील. पावसाळा संपता संपता मामा लंगडत माझ्या दारात आले. त्या दाखल्याशिवाय घरात चूल पेटणं कठीण होतं. मुलगी बाळंतपणाला आलेली, आणि मामा एका मंगल कार्यालयात एका हातानं ताटं विसळत होते.

"भाऊसायेब, तुमीच लिवा अर्ज. तुमच्यागत लिवणारा ह्या पेठंत न्हाय."

बायकोनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मामा, यादीत तो कोपरा मीच घातला."

त्यांनी तांब्या उचलला.

"मीच लिहिलं. तुम्ही माझी नक्कल करायचा म्हणून. दगडांचा साठा, जमाव, सगळं मी लिहिलं."

मामा हसायला लागले. बऱ्याच महिन्यांनी हसत असावेत, कारण मध्येच ठसका लागला. "तुमी? अवो, तुमाला बायकू कोथमीर आणाय धाडत न्हाय, पालक घिऊन येतासा म्हणून. आन् तुमच्या लिवण्यावर सरकार चिलखताची गाडी धाडतंय व्हय! काय बी लावलंय, बरं वाटावं म्हणून." त्यांनी वाकड्या हातानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "ऱ्हाऊ दे. अर्ज लिवा."

मी पुन्हा सांगायला हवं होतं. शपथ घालून, प्रस्तावाची प्रत दाखवून. पण खरं बोलून झालं होतं आणि माझं काहीच वाकडं झालं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं. मी कागद ओढला. अर्ज मात्र मन लावून लिहिला. वाचून दाखवला तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो अर्ज दुसऱ्या दिवशी आवक नोंदवहीतून माझ्याच टेबलावर आला. या विषयाची फाईल माझ्याकडं असते. ठिकाण संवेदनशील, अर्जदारावर गुन्हा दाखल. अशा अर्जाला दाखला द्यायचा तर आधी ठिकाण यादीतून काढावं लागतं, आणि तिसऱ्या हप्त्याचा प्रस्ताव तयार होत होता. नामंजुरीचं पत्र मी लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली.

पोस्टानं पाठवण्याऐवजी मी ते स्वतः मंगल कार्यालयात घेऊन गेलो. मामा मागच्या बाजूला हौदापाशी बसले होते. त्यांनी ओला हात टॉवेलला पुसला आणि म्हणाले, "वाचा." मी सगळं वाचलं, खालच्या सहीपर्यंत. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, नीट चार घड्या करून खिशात ठेवला.

"दुसऱ्यास्नी म्हयनं म्हयनं उत्तर येत न्हाय," ते म्हणाले. "तुमी व्हतासा म्हणून चार दिसांत आलं."