आक-बेल खिंडीची खबर

डोंगरातल्या नारीन गावाच्या बस स्थानकाबाहेर पूर्वी एक काळा फळा होता. आक-बेल खिंड उघडी आहे की बंद, हे स्थानकातले वयस्कर जुमाश-आके (आके म्हणजे दादा) रोज सकाळी त्यावर खडूने लिहीत. आधी कालची ओळ कोटाच्या बाहीने पुसत, मग नवी लिहीत. त्या पांढऱ्या बाहीवरून मेंढपाळ त्यांची थट्टा करत. आके घरी जाऊन कोट झटकतात, म्हणूनच खिंडीत धुकं उतरतं, असं एकजण म्हणायचा.

पुढे फळा गेला, वेबसाइट आली. आके खबर फोनवर सांगत आणि वेबसाइट सांभाळणारी बुरूल टाइप करी. खबरीखाली ते आपली एक ओळ न चुकता घालायला लावत: थर्मासात चहा घेऊन निघा. ही खबर आहे, पाठवणीच्या वेळचा उपदेश नव्हे, म्हणून बुरूल कुरकुरायची. ओळ मात्र राहायची.

गेल्या शरदात आके वारले. बुरूलने ती ओळ गाळली. त्यांच्याशिवाय ती लिहायला तिचा हात धजेना.

यंदा वसंतात वेबसाइटवर नवी आवृत्ती चढवायची होती. डोंगरात नेटवर्क रखडतं, म्हणून पानांच्या तयार प्रती साठवून ठेवणारे कॅशे प्लगिन तिने वेळोवेळी बसवले होते. आवृत्ती बदलण्याआधी ते बंद करायचे आणि साठा रिकामा करायचा असतो. तो रिकामा करण्यापूर्वी चाळताना, जुन्या फोनांसाठी राखलेल्या भागात तिला एक पान सापडलं: ‘आक-बेल उघडी. थर्मासात चहा घेऊन निघा.’ आकेंनी सांगितलेली शेवटची खबर. जुना प्लगिन तिथेच अडकला होता, आणि जुन्या फोनवर वेबसाइट उघडणाऱ्याला अजून तीच खबर दिसत होती.

हिवाळाभर खिंडीकडे कोणी फिरकत नाही, त्यामुळे ओरड झाली नव्हती. आता कळप उन्हाळी कुरणांकडे निघायचे दिवस आले होते, आणि वर बर्फ पडत होता.

तिला आणखी एक आठवलं. मी रोज त्यांची खबर वाचते, असं आकेंच्या बायकोने, उम्सुन-अपांनी, तिला हिवाळ्यात सांगितलं होतं. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं समजून बुरूलने तेव्हा नुसती मान हलवली होती.

साठा तसाच ठेवून ती तडक अपांकडे गेली. अपांनी चहा ओतला, कणकेचे तळलेले बोरसोक पुढे सरकवले.

"अपा, तुमच्या फोनवरची आकेंची खबर मला काढावी लागणार."

"का गं?"

"त्यात खिंड उघडी म्हटलंय. कुणी वाचून कळप घेऊन वर गेला तर? तुम्हाला छापून आणून देते."

अपांनी फोन उघडून पुन्हा एकदा वाचलं आणि पालथा ठेवला.

"कालची खबर त्यांनी फळ्यावर कधी राहू दिली नाही. ती बाही धुवून धुवून माझे हात गेले. काढून टाक." मग म्हणाल्या, "पण चहाची ओळ तू का गाळलीस? ती कशी काय शिळी झाली?"

बुरूलने परत येऊन साठा रिकामा केला, प्लगिन बंद केले, नवी आवृत्ती चढवली. मग खबर लिहिली: आक-बेल बंद. थर्मासात चहा घेऊन निघा.

लगेच तिला एजे, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या एका मेंढपाळाचा फोन आला.

"बुरूल-एजे, खिंड बंद, तर चहा घेऊन जायचं कुठे?"

"उम्सुन-अपांकडे जा," ती म्हणाली. "एकट्याच पीत असतात."